अर्धी वाचलेली चिठ्ठी

साबणाच्या कारखान्याला यंदा पस्तीस वर्षं पूर्ण होतात म्हणून स्मरणिका निघते आहे. हल्ली जी मुलगी कारखाना बघते ती माझ्या नातीच्या वयाची. तिचा फोन आला, "आजी, धाकट्या बाईंवर तुम्हीच लिहा. दोनच पानं. तुम्ही लिहिलंत की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

ती कौतुकाने बोलली. मला मात्र कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायच्या याच हौसेपायी मी एका मायलेकींची ताटातूट केली होती. धाकट्या बाईंनी तो दोष स्वतःवर घेतला, आणि आठ महिन्यांपूर्वी त्या तो तसाच घेऊन गेल्या. त्यांच्यावर दोन पानं लिहायची तर हे गाळून काय लिहू?

आमच्या वस्तीच्या टोकाला मोटारी दुरुस्त करायचं एक बंद पडलेलं गॅरेज होतं. तिथे कारखाना सुरू झाला. जमिनीत काळं तेल इतकं मुरलेलं की आम्ही आठवडाभर घासलं तरी डाग निघेनात. "साबणवाल्यांनाच जमीन धुता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय समजायचं?" असं जी म्हणाली तिला आम्ही मुकादम म्हणायचो. ती कुणाचीच मुकादम नव्हती, पण तिचं बोलणं ऐकलं की माणूस आपोआप कामाला लागायचा.

आम्ही बारा जणी. कुणी धुणीभांडी करणारी, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी माझ्यासारखी, कारकुनाची विधवा, मॅट्रिकपर्यंत शिकून घरी बसलेली. आम्हाला गोळा करणारी मुलगी सव्वीस वर्षांची, चांगली ऑफिसातली नोकरी सोडून आलेली. आमच्यात सगळ्यांत लहान, पण शिकलेली, म्हणून 'बाई' तर म्हणायला हवं. तोडगा मुकादमनेच काढला, "धाकट्या बाई म्हणू या. मानही राहील, वयही राहील."

धाकट्या बाई म्हणायच्या, देणगी मागितली की मान खाली जाते, माल विकला की वर राहते. साबण विकायचा, आणि आमची मजुरी जाऊन जे उरेल ते वस्तीचं. त्यातूनच पाळणाघर निघालं, मुलांची अभ्यासिका निघाली. आम्ही बाराही जणी मालकिणी. काही ठरवायचं तर गोल करून बसायचं आणि हात वर करायचे.

पहिल्याच बैठकीत मुकादमने विचारलं होतं, "बाई, ही समाजसेवा आहे की धंदा? समाजसेवा असेल तर मी नऊला येते. धंदा असेल तर आठला."

"दोन्ही आहे," धाकट्या बाई म्हणाल्या.

"मग साडेआठला येते."

आणि खरंच, पुढे चार वर्षं ती साडेआठच्या ठोक्याला हजर असायची. तिच्याकडे कापायचं काम होतं. साच्यातून काढलेली साबणाची लादी फळीवर ठेवायची, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेली तार ताणून धरायची, आणि एका दमात खाली आणायची. तिच्या हातची वडी कधी तिरकी गेली नाही. दुसऱ्या कुणाला ते जमायचंच नाही, म्हणून कारखान्यात कापणारी ती एकटी. कापलेल्या वड्या सहा आठवडे फळ्यांवर वाळायच्या आणि मग माझ्याकडे, खाकी कागदात गुंडाळायला यायच्या.

दुकानांत कंपन्यांच्या चकचकीत वेष्टनांशेजारी आमची खाकी पुडी अगदीच गरीब दिसायची. त्यावर धाकट्या बाईंनी चिठ्ठीची युक्ती काढली. प्रत्येक वडीबरोबर एक छापील चिठ्ठी, तिच्यात आमच्यापैकी एकीबद्दल चार ओळी. नाव घालायचं नाही, फक्त काम सांगायचं, म्हणजे ढवळणारी, कापणारी, गुंडाळणारी. आणि त्याला एक नियम होता. ज्या बाईबद्दल लिहिलं तिला ते पूर्ण वाचून दाखवायचं, तिने मान्य केलं की कच्च्या कागदावर तिची सही घ्यायची, आणि मगच छापखान्यात पाठवायचं. सगळ्यांना सही तेवढी यायला लागली होती, पण आठ जणींना वाचता येत नव्हतं. म्हणून लिहायचं कामही माझं आणि वाचून दाखवायचंही माझंच.

सुरुवातीच्या चिठ्ठ्या साध्या होत्या. ढवळणारी गाणं म्हणत ढवळते, गाणं चुकलं की साबण बिघडतो असं तिला वाटतं, असलं काही. लोकांना आवडायचं. एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं, 'चिठ्ठ्या कोण लिहितं? फार गोड लिहितं.' ते पत्र मी घरी नेलं आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं.

मग एका मोठ्या दुकानाच्या खरेदीदार बाई कारखाना बघायला आल्या. फळ्या वड्यांनी भरलेल्या होत्या, माल उठत नव्हता, आणि त्या दुकानाने घेतला असता तर पाळणाघर नक्की चालू राहिलं असतं. त्यांनी चार चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "छान आहेत. पण काळजाला हात घालत नाहीत." पाळणाघरासाठी मी पुढचं केलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते वाक्य मला झोंबलं होतं.

मुकादमची गोष्ट मला त्याच सुमाराला कळली. दुपारी दोघी वड्यांच्या कडा तासत बसलो होतो. ती आपणहून सांगू लागली. नवरा गेला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. सासरच्यांनी दार लावून घेतलं. ती मुलीला घेऊन अनाथाश्रमात गेली, आत जाऊन तिथल्या बाईंसमोर बसली, कागद केला, अंगठा लावला आणि सांगितलं, मी माझ्या पायांवर उभी राहीपर्यंत सांभाळा. चार घरची भांडी धरली. दर रविवारी मुलीला भेटायला जायची. एकही रविवार चुकवला नाही. चौदा महिन्यांनी मुलीला घरी घेऊन आली.

"मुलीला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"तिला सांगितलंय, मावशीकडे होतीस. जरा जाणती झाली की खरं सांगेन. पाळणाघराचं निघालं तेव्हा धाकट्या बाईंना सांगितलं होतं. आज तुला. तिसऱ्या कानाला जाऊ देऊ नकोस."

"माझ्या पोटात राहील," मी म्हटलं.

आठ दिवसही राहिलं नाही. मी चिठ्ठी लिहिली. पहिल्या दोन ओळी तिच्या मनगटाबद्दल आणि सरळ वड्यांबद्दल. पुढे लिहिलं, 'याच हातांनी एके काळी पोटची दीड वर्षाची मुलगी अनाथाश्रमाच्या पायरीवर सोडली आणि मागे वळून पाहिलं नाही. तेच हात आज तुमच्यासाठी...' वगैरे वगैरे. पायरी मी घातली. मागे वळून न पाहणंही मीच घातलं. रविवार मात्र गाळले, कारण रविवारांनी कुणाला रडू येत नाही.

मग वाचून दाखवायला गेले. मुकादम तार ताणून उभी होती.

"लवकर वाच गं, लादी कडक होतेय."

मी कागद मधोमध दुमडून धरला आणि वरच्या दोन ओळी वाचल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं आहे. मनगटाचं खरं लिहिलंस." तिने ओल्या हाताने पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून सही केली.

धाकट्या बाईंनी कागद पाहिला तेव्हा त्या थबकल्या. "हे त्यांनी सांगू दिलं?"

"सही आहे की," मी म्हटलं.

मोठ्या दुकानाने माल उचलला, आणि आणखी मागवताना कळवलं, कापणारीची चिठ्ठी जास्त पाठवा. महिनाभर मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. नाव तर कुठेच नाही, मग कुणाचं काय बिघडतंय, असं मनाशी म्हणत होते. सबंध कारखान्यात कापणारी एकच आहे, हे मला सुचू नये?

मुकादमची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, एका औषधांच्या दुकानात कामाला. तिथे आमच्या साबणाचं खोकं आलं. आईचा कारखाना म्हणून तिने हौसेने एक पुडी फोडली.

सकाळी अकराच्या सुमाराला ती कारखान्यात आली. छातीवर दुकानाचा बिल्ला तसाच होता, म्हणजे काम सोडून आली होती. ती सरळ आईपाशी गेली आणि चिठ्ठी पुढे केली.

"आई, ही तू आहेस का?"

मुकादमने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे दिली. "वाच गं. काय म्हणतेय ही?"

मी वाचलं. माझंच लिहिलेलं, माझ्याच तोंडाने, आणि या वेळी पूर्ण. ढवळणारीचा हात थांबला. बाकीच्याही जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"पायरीवर?" मुलगी म्हणाली.

"नाही गं राणी! आत गेले होते मी. कागद केला होता. दर रविवारी यायची."

"छापलंय, आई."

"छापू दे! मी सांगतेय ना तुला."

"मावशीकडे होते, हेही तूच सांगितलं होतंस."

मुकादमने तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी जिच्या तोंडाला आम्ही सगळ्या टरकून असायचो तिला त्या दिवशी मी पहिल्यांदा शब्द शोधताना पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तू तर दोनच ओळी वाचल्या होत्यास. हे कुणी घातलं?"

तीन शब्द बोलायचे होते. पायरी मी घातली. तेवढ्याने मुलीला तिची आई तिथल्या तिथे परत मिळाली असती. मुलगी माझ्याकडेच बघत होती, कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून थांबली होती. मी म्हटलं, "मी दोनच लिहिल्या होत्या. बाकीचं ऑफिसात घातलं असेल."

ऑफिस म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल आणि त्यापाशी बसणाऱ्या धाकट्या बाई.

मुलगी गेली. त्याच दुपारी आम्ही गोल करून बसलो. धाकट्या बाईंनी फाइलमधून कच्चा कागद काढला. त्यावर सगळा मजकूर माझ्या अक्षरात होता, खाली मुकादमची सही, आणि मधोमध दुमडल्याची रेघ. त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यांकडे पाहत होते.

"बाई, तुम्ही घातलंत?" मुकादमने विचारलं. "मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं."

धाकट्या बाईंनी कागदाची घडी केली. "छापायला मी पाठवलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

मुकादमने त्यांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले, नऊ वाजले, ती आली नाही. ती परत कधीच आली नाही. मुलगी मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली आणि चार वर्षं आईशी बोलली नाही.

त्या बैठकीच्या दिवशीच, सगळ्या निघून गेल्यावर धाकट्या बाईंनी मला थांबवून घेतलं होतं. आवाज चढवला नाही. "आज सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर तुमच्या तोंडून पुन्हा कुणी काही ऐकलं नसतं. आणि इथे आठ जणींना तुमच्याकडूनच वाचून घ्यावं लागतं. पण त्या मुलीला खरं कळायला हवं. मी सांगून तिला पटणार नाही. तुम्ही सांगा. या आठवड्यात सांगा."

तो आठवडा गेला. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या दुकानांतून परत मागवल्या आणि मला पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. आणि लगेच याचीही लाज वाटते, की तेही काम मी त्यांच्याच गळ्यात घालायला निघाले आहे. पुढे मी अध्यक्ष झाले. सभांमधून बोलले, 'आमच्याकडे प्रत्येक बाईचा शब्द तिच्या मालकीचा आहे.' लोक टाळ्या वाजवायचे. धाकट्या बाई मागच्या रांगेत बसलेल्या असायच्या. त्याही वाजवायच्या.

परवा मंगळवारी मी पत्ता शोधत मुकादमकडे गेले. मायलेकी पुन्हा एकत्र राहतात हे कानावर होतं. दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार मुलीने उघडलं. आता पन्नाशीला टेकलेली, कानशिलांवर पांढरे केस. तिने मला ओळखलं नाही, पण आतून आवाज आला, "कोण आहे ते मला खोकण्यावरून कळलं. अध्यक्षीणबाई, वाट चुकलात काय?"

मुकादम खिडकीपाशी खुर्चीत होती. चष्मा लावलेला, मांडीवर वर्तमानपत्र.

"तू वाचतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या दिवसानंतर शिकले. म्हटलं, आपलं आपण वाचावं. दुसऱ्याचं तोंड फार महाग पडतं. बस."

मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून, चहा पिऊन परत आले असते. मी मला ओळखते. मी मुलीकडे पाहून म्हटलं, "पायरी मी घातली होती."

तिला आठवण करून द्यावी लागली नाही. तिचा हात दाराच्या कडीवर होता तिथेच राहिला. मी सगळं सांगितलं. कागद कसा दुमडला, दोनच ओळी कशा वाचल्या, रविवार कसे गाळले, ऑफिसवर कसं ढकललं. "तुझी आई आत गेली होती. कागद केला होता. तू विचारत होतीस तेव्हा ती खरं बोलत होती आणि मला ते माहीत होतं." मग वर आणखी म्हटलं, "इतकी वर्षं मला धड झोप लागली नाही."

"लागत होती तुला," मुकादम म्हणाली. "दुपारच्या सुट्टीत खोक्यावर डोकं टेकून घोरायचीस. खोटं बोलून बोलून सवय झालीय."

तिने वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे धाकट्या बाई दोनदा आमच्या दाराशी आल्या होत्या, त्या..."

"हो."

"मी दार उघडलं नाही. खिडकीतून शिव्या घातल्या. सगळी गल्ली ऐकत होती. ती खाली उभी राहून ऐकून घेत होती. मला वाटलं, अपराधी आहे म्हणून ऐकतेय." तिने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "ती गेल्याचं कळलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. या तोंडाने म्हटलं. ते आता मी कुठे नेऊन टाकू, सांग."

काहीतरी द्यावं म्हणून मी म्हटलं, "स्मरणिका निघतेय. त्यात मी सगळं खरं लिहिते. जे घडलं ते लोकांना..."

"खबरदार!" तिचा जुना आवाज एकदम परत आला. "पुन्हा मला छापणार? तुझं मन हलकं व्हावं म्हणून आणखी एकदा आम्हा दोघींना चव्हाट्यावर आणणार?"

"मग नाही लिहीत."

"म्हणजे बाईंच्या कपाळावरचा डाग तसाच ठेवणार. वा!" ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "लिही. लिहून इथे आण. सगळा कागद, न दुमडता. मी वाचीन, ही वाचेल. जे नको वाटेल ते आम्ही खोडू. मग बघू."

"आणते," मी म्हटलं.

मुलगी अजून दाराशीच होती. मला वाटत होतं, आता ती मला काहीतरी बोलेल, आणि ते ऐकून घ्यायची मी तयारी केली होती. पण ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"आई, रविवारी यायचीस तेव्हा काय आणायचीस गं?"

"काय आणणार!" मुकादम म्हणाली. "पहिल्या रविवारी तर हात हलवत आले. तू अशी रडलीस, की तिथल्या बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. मग दुसऱ्या रविवारी, ज्या घरी भांडी घासायची तिथे पावडरचा रिकामा डबा मिळाला. त्यात खडे घातले आणि खुळखुळा केला."

"कसला होता डबा?"

"निळा. नाही, थांब. डबा निळा, झाकण पिवळं. ते झाकण तू चावून चावून पार वाकडं केलंस."

"मी?"

"नाहीतर कोण, मी?"

दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहत नव्हतं, आणि पाहायचं काही कारणही नव्हतं. मी चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं. जिना उतरायला लागले तेव्हा मुकादम तिसऱ्या रविवारावर आली होती.